पार्ल्यातलं गॅरेज : पत्र्याखाली छत घालण्याच्या नोंदी

११ जानेवारी

सकाळी रंध्याच्या पात्यावर पाण्याचे थेंब. टेबलावरही ओले ठिपके, आणि तेही एका सरळ रेषेत, बरोबर वरच्या आडव्या पाइपाखाली. जानेवारीत पाऊस कुठला? शिडी लावून पत्र्याला हात लावला तर पोटाकडून सगळा ओला.

दव होतं ते. आकाश निरभ्र असलं की पत्रा रात्रभर आपली उष्णता वर सोडत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. मुंबईच्या हवेत थंडीतही ओल असतेच. ती पत्र्याच्या पोटाला धरते, उतारावरून ओघळत येते आणि पर्लिन (पत्र्याला खालून धरणारा आडवा पाइप) आडवी आली की तिथून खाली ठिबकते. गेली दोन वर्षं पटाश्यांना गंज का चढतोय याचं उत्तर मिळालं. मी उगाच तेल बदलत बसले होते.

पुढच्या नोंदी समजायला गॅरेजची माहिती : बंगल्यापासून सुटं, आवाराच्या मागच्या अंगाला, आतून १८ बाय १० फूट. आजोबांनी फियाटसाठी बांधलेलं. गाडी केव्हाच गेली, आता माझं सुतारकामाचं टेबल तिथे असतं. आधी सागवानी वाशांवर मंगलोरी कौलं होती. दर पावसाळ्यात नारळाच्या झावळ्या पडून फुटायची, म्हणून ती उतरवून निळा कलर कोटेड पत्रा टाकला, अर्धा मिलिमीटर जाडीचा, ८० बाय ४० च्या चौकोनी पाइपांवर. एकतर्फी उतार : शटरकडे ११ फूट, मागच्या भिंतीला ९. कौलांच्या सांध्यांतून गरम हवा निघून जायची. पत्र्याने पाणी थांबवलं तसा वाराही थांबवला.

२५ जानेवारी

इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं. दुपारी दीड वाजता पत्र्याचं पोट ५३ अंश, टेबलापाशी हवा ३५, बाहेर सावलीत ३१. हे जानेवारीत. मे महिन्यात मी तिथे दुपारी पाय ठेवत नाही.

छत करायचं नक्की केलं. तीन गोष्टी हव्यात : ऊन अडावं, पावसाचा ताशा कमी व्हावा, दव टेबलावर पडू नये.

जेवताना बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "झाकशील गं, पण उद्या गळलं तर कुठून गळतंय ते कसं शोधशील?" मी म्हटलं, गळणार नाही असंच करू. त्यावर ते काही बोलले नाहीत, वरण वाढून घेतलं.

८ फेब्रुवारी

दुकानदाराच्या सांगण्यावरून स्वस्तातला उपाय केला : दोन्हीकडून चंदेरी बबल फॉइल, पत्र्याच्या पोटाला रबरबेस गोंदाने थेट चिकटवायची. दोन माणसं, एक दिवस. दिसायला झकास. थर्मामीटर मारला तर ४१ अंश! ५३ चे ४१. मी खूश.

१ मार्च

फॉइल लोंबायला लागली. आधी मधल्या पर्लिनपाशी फुगा आला, मग अख्खा पट्टा सुटून टेबलावर. गोंद तापला की मऊ पडतो, आणि पत्रा रोज दुपारी तापणारच. दुकानात विचारलं तर "जास्त लावायला पाहिजे होता."

पण खरी गोम वेगळीच निघाली. गॅरेजमधला उकाडा जराही कमी झालेला नव्हता, मग ४१ कसे? चकचकीत धातू स्वतः फार कमी उष्णता बाहेर फेकतो, त्यामुळे असल्या पृष्ठभागावर हा थर्मामीटर खोटं वाचतो. फॉइलवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला, तो तापू दिला आणि त्याच्यावर मोजलं. ५१. म्हणजे सगळ्या खटाटोपाने जवळपास काहीच झालं नव्हतं.

कारणही तेच. फॉइलचा उपयोग व्हायचा तर तिच्या चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा लागते, निदान इंचभर. पत्र्याला चिकटवली की वरची बाजू बाद. पत्र्याची उष्णता थेट आत येते आणि मधल्या बुडबुड्यांच्या पाच-सहा मिलिमीटरने काय अडणार? कोणी "चिकटवा की झालं" म्हणालं तर नको म्हणा. फॉइल, गोंद आणि मजुरी मिळून ३,६०० रुपये गेले. सोलून काढताना फॉइल फाटली, परत वापरता आली नाही.

८ मार्च

आता नीट. आधी पाणी, मग ऊन, मग दिसणं, या क्रमाने.

बागेची नळी घेऊन फॅब्रिकेटरचा मुलगा पत्र्यावर आणि मी आत टॉर्च घेऊन. पाणी खालून वर मारत न्यायचं : आधी मागची कड, तिथे थोडा वेळ, मग एक पर्लिन वर. एकदम सगळीकडे मारलं तर पाणी शिरतं एका ठिकाणी आणि दिसतं दुसरीकडे.

तीन जागा सापडल्या. एक, काही स्क्रूंचे रबर वॉशर. बसवताना मशीन जास्त दाबलं होतं, रबर बाहेर फुगून आलेलं आणि उन्हाने तडकलेलं. दोन, पत्र्यावर पत्रा चढतो त्या बाजूच्या सांध्यात दोन शिवण-स्क्रूंमध्ये जवळजवळ तीन फूट अंतर, मध्ये पत्रा उघडा पडलेला. तीन, शेजारच्या बाजूची कंपाउंड भिंत पत्र्याहून दोन फूट उंच आहे, तिथला सांधा. तिथे कोणीतरी सिमेंट थापलं होतं, त्याला लांबलचक चीर.

सिमेंट काय किंवा एम-सील काय, पत्र्याशी जुळत नाही, कारण पत्रा हलतो. आमचा साधारण पावणेसहा मीटर लांब आहे. पहाटेच्या आणि दुपारच्या तापमानात ३५ अंशांचा फरक धरला तर तो रोज दोन मिलिमीटरहून जास्त लांबतो-आखडतो. कडक वस्तू तिथे टिकत नाही.

शेजारचे काका कुंपणावरून बघत होते. त्यांच्या गॅरेजवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत, त्यांनाही छत करायचंय. त्यांना जे सांगितलं तेच इथे : जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो. त्याला ड्रिल, ग्राइंडर लावू नका, शेवाळ कोरड्या ब्रशने खरवडू नका. धूळ छातीत गेली की गेली. छत भिंतीपासून भिंतीपर्यंत स्वतंत्र उभं करा, पत्र्याला हात न लावता.

१५ मार्च

दुरुस्ती. ५.५ मिलिमीटरचे खराब स्क्रू काढून त्याच भोकात ६.३ चे, नव्या ईपीडीएम (उन्हात टिकणाऱ्या रबराच्या) वॉशरसकट. वॉशर जरासा दबला की थांबायचं. हे मी फॅब्रिकेटरच्या मुलाला दाखवून मग शिडीवर पाठवलं. बाजूच्या सांध्यात ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि दर दीड फुटाला शिवण-स्क्रू. भिंतीच्या प्लास्टरमध्ये इंचभर खाच मारून पत्र्याची दुमडपट्टी त्यात अडकवली आणि खाच लवचीक पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने भरली. पट्टी फक्त भिंतीला धरलेली आहे, खाली पत्र्यावर नुसती टेकते, म्हणजे पत्रा आपला हलायला मोकळा.

मजुरी-सामान ६,८०० रुपये. परत नळी मारली, कोरडं.

२९ मार्च

सामान ठरवण्यात बराच वेळ गेला. थर्माकोल सगळ्यात स्वस्त, पण जळतो, काळा धूर करतो आणि उंदीर त्यात बिळं करतात. लाकडाचा भुसा असलेल्या जागेत डोक्यावर थर्माकोल नको. एक्सपीएस, म्हणजे घट्ट फोमचा बोर्ड, पाणी पीत नाही ही मोठी गोष्ट, पण तोही जळतो आणि आवाज फारसा अडवत नाही. पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) उत्तम, मात्र त्यासाठी सगळा पत्राच बदलावा लागला असता. ग्लासवूल आणि रॉकवूल (काचेच्या आणि दगडाच्या तंतूंची लोकर) जळत नाहीत, आवाज खातात. त्यांचा शत्रू पाणी. ओलं झालं की जड होऊन खाली बसतं आणि काही अडवेनासं होतं.

शेवटी रॉकवूलच्या ५० मिलिमीटर जाडीच्या पाट्या, घनता घनमीटरला ४८ किलो. ग्लासवूलच्या गादीपेक्षा ताठ, दोन पट्ट्यांच्या मध्ये झोळ येत नाही.

आणि पाण्यासाठी बाबांचा प्रश्न परत समोर आला. गळणारच नाही असं धरून चालणं म्हणजे पार्ल्यात राहून विमानाचा आवाज येणार नाही असं धरणं. सांताक्रूझच्या वेधशाळेत २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर नोंदला गेला. ती वेधशाळा इथून हाकेच्या अंतरावर. मग गळती धरूनच आखणी केली. पत्र्याखाली मोकळी हवा. तिच्याखाली उताराने ताणलेली फॉइल, जी वरून पडलेलं पाणी मागच्या भिंतीकडे नेईल. भिंतीपाशी पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेली पन्हळ आणि तिचं तोंड भिंतीतून बाहेर. फॉइलखाली रॉकवूल, त्याखाली बोर्ड. बाहेरच्या तोंडातून पाणी दिसलं की समजायचं, पत्रा कुठेतरी गळतोय. आणि प्रत्येक बोर्ड सुटा काढता आला पाहिजे.

इंटरनेटवर थंड देशांतली गॅरेजं बघून काम करणाऱ्यांसाठी : ते लोक प्लास्टिकचा थर खोलीच्या बाजूला लावतात, कारण त्यांची गरम, दमट हवा घराच्या आत असते आणि बाहेर बर्फ. आपल्याकडे उलटं आहे. दमटपणा बाहेरून आत येतो, त्यातून एसी लावला तर आणखीच. म्हणून ओल अडवणारा थर वर, पत्र्याकडे. खालच्या बाजूलाही प्लास्टिक लावलं तर आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही.

५ एप्रिल

पर्लिनच्या खालून शटर ते मागची भिंत अशा तारा ओढल्या, दर फुटाला एक, फॉइलला आधार म्हणून. सळ्या बांधायची मऊ तार वापरली. संध्याकाळपर्यंत ती सैल पडून झोळ. काढली. जाड जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार आणून पुन्हा. अर्धा दिवस वाया.

पर्लिनच्या पाइपांची तोंडं उघडी होती, एकातून पालीची अंडी आणि एकातून उंदराचा संसार निघाला. सगळी तोंडं पत्र्याचे तुकडे लावून बंद. रॉकवूल घालण्याआधी हे कराच, नंतर हात पोचत नाही.

पत्र्याच्या नागमोडीतली दोन्ही टोकांची भोकं मात्र बुजवली नाहीत. खालून हवा शिरावी, शटरच्या वरून निघावी. तिथे पाव इंची जाळी. मच्छरदाणीची जाळी लावू नका, धुळीने महिन्याभरात बुजते.

११ एप्रिल

फॉइल. आलेल्या माणसाने मागच्या, म्हणजे खालच्या भिंतीपासून सुरुवात केली, कारण कौलं आणि पत्रे खालून वर चढवतात. दोन पट्टे लागल्यावर लक्षात आलं की वरचा पट्टा खालच्याच्या पोटाला येतोय. म्हणजे वरून आलेलं पाणी थेट सांध्यात शिरून रॉकवूलवर. छपरावर उभं राहून काम करताना खालून वर जायचं असतं. आपण छपराच्या पोटाकडून काम करतोय, म्हणून वरून खाली यायचं. काढून शटरच्या बाजूने परत सुरुवात. प्रत्येक पुढचा पट्टा आधीच्याच्या खालून सरकवायचा, सहा इंच चढ, सांध्यावर अ‍ॅल्युमिनियम टेप.

छताच्या सांगाड्यासाठी पर्लिनला आधीच लावून ठेवलेल्या लोंबत्या जीआय पट्ट्या फॉइलमधून खाली येतात. प्रत्येकीभोवती चीर, आणि चिरेवर टेप. कंटाळवाणं काम, पण इथे आळस केला तर आखलेलं सगळं फुकट.

पर्लिनची ८० मिलिमीटर खोली आपसूक हवेची पोकळी झाली. पाटी-बोर्ड काहीच नसताना दुपारी टेबलाशी दोन अंशांचा फरक जाणवला. हा आकडा हवेच्या थर्मामीटरचा आहे, इन्फ्रारेडचा नाही.

१९ एप्रिल

वायरिंग. लोहार चाळीतून वायर आणि पाइप आणले, पार्ल्यापेक्षा स्वस्त पडले. लोकलचं भाडं धरूनही.

दिव्यांसाठी १.५ आणि मशीनच्या पॉइंटना २.५ चौरस मिलिमीटर. वायरमन पाइप फॉइल आणि रॉकवूलच्या मधून न्यायला निघाला होता. रॉकवूलमध्ये गाडलेली वायर जास्त तापते, तिची उष्णता निघायला जागा नसते. पाइप रॉकवूलच्या खाली, बोर्डाच्या लगेच वर घेतले. छतात बसणारे गोल दिवे नको म्हटलं. प्रत्येक दिवा म्हणजे रॉकवूलमध्ये एक भोक. बोर्डावर बाहेरून लावायच्या साध्या एलईडी पट्ट्या. पंखाही भिंतीवरचा. सुतारकामात हातात लांब फळी असताना डोक्यावर पंखा नकोच. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नव्हता, तोही बसवला. एकूण ९,५०० रुपये.

२६ एप्रिल

छताचा सांगाडा. फॉल्स सिलिंगच्या माणसाची पहिली सूचना : लोंबत्या पट्ट्या राहू देत, पत्र्यालाच रिव्हेट मारू. नाही. पत्र्याला एकही नवं भोक नाही, हे मी शटरवर खडूने लिहून ठेवलं.

दुसरा वाद अंतराचा. त्याने सेक्शन (बोर्ड ज्यांना लागतात त्या जीआयच्या पट्ट्या) दोन-दोन फुटांवर लावले आणि मी बाहेर गेले तेवढ्यात निम्मं छत झालं. वर रॉकवूलचं वजन, खाली ८ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड. दोन फुटांवर पहिल्या पावसाळ्यातच पोट काढेल. सोळा इंचांवर करायला लावलं. बोर्ड चार फुटी आहेत, त्याचे सोळा इंचांचे बरोबर तीन भाग होतात आणि कडेचा सांधा सेक्शनवरच येतो. जादा सेक्शन आणि त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी मी दिली. आधी कागदावर काढून द्यायला हवं होतं, त्याने नेहमीच्या सवयीने केलं.

छत उताराला समांतर ठेवलं. सपाट केलं असतं तर शटरकडची दोन फूट उंची गेली असती. शटरच्या ड्रमपाशी दीड फूट आधी थांबून सरळ खाली पडदी घेतली. ड्रम झाकू नका, स्प्रिंग तुटली की उघडावं लागतं.

१ मे

सुट्टी, म्हणून रॉकवूल. लांब बाह्यांचा जुना शर्ट, मोजे, चष्मा, मास्क. तरी मनगटं चुरचुरली. अंघोळ आधी गार पाण्याने, न चोळता पाणी अंगावरून वाहू द्यायचं. गरम पाण्याने सुरुवात केली तर खाज दुप्पट.

पाट्या ब्रेडच्या सुरीने छान कापल्या जातात. जागेपेक्षा अर्धा इंच मोठ्या कापायच्या आणि दाबून बसवायच्या. कोपऱ्यांत चिंधोट्या कोंबायच्या नाहीत. दाबलेलं रॉकवूल कमी काम करतं.

३ मे

बोर्ड. जिप्सम का नाही, हे सगळे विचारतात. ओल सोसणारा हिरवा जिप्सम बोर्ड दमट हवा सोसतो, गळती नाही. शिवाय त्याचे सांधे टेप-पुट्टीने बुजवून एकसंध करतात. एकदा केलं की उघडायचं म्हणजे फोडायचं. फायबर सिमेंटचा बोर्ड जड आहे आणि कापायला त्रास देतो, पण भिजून वाळला तरी बोर्डच राहतो.

८ बाय ४ च्या सहा शीट. प्रत्येकीचे ४ बाय ४ चे तुकडे. अख्खी शीट डोक्यावर धरायला तीन माणसं लागतात, तुकडा मी आणि आणखी एक जण चढवतो. रुंदीत चार, चार आणि दोन फूट, अशा चार ओळी, आणि पडदीपाशी सहा इंचांची चिंचोळी पट्टी.

कापायला आलेल्याने आतच ग्राइंडर लावला. दोन मिनिटांत गॅरेजात काही दिसेना. ही सिमेंट-वाळूची धूळ आहे, सुतारी भुशासारखी नाही, फुप्फुसाला कायमची लागते. मशीन बंद करवून सगळ्यांना बाहेर काढलं. त्यानंतर अंगणात, पाणी शिंपडत, मास्क घालून. सरळ काप तर कार्बाइडच्या चाकूने चार-पाच रेघा मारून टेबलाच्या कडेवर मोडला तरी होतो, मशीनही लागत नाही. शेजारच्या बाईंचे वाळत घातलेले कपडे मी परत धुऊन दिले.

१० मे

दोन बोर्डांचे कोपरे तडकले. स्क्रू कडेच्या फार जवळ. आता कोपऱ्यापासून दोन इंच आत आणि कडेपासून निदान पाऊण इंच, भोक आधी पाडूनच. तडकलेले तुकडे भिंतीलगतच्या अरुंद ओळीत कापून वापरले.

काळे ड्रायवॉल स्क्रू आणले होते. आठवड्याभरात त्यांच्या डोक्याभोवती तपकिरी वर्तुळं, आणि पावसाळा अजून लांब. नागदेवीहून स्टेनलेसचे आणून सगळे बदलले. खर्च वाढला, पण इलाज नव्हता.

बोर्ड चढवण्याआधी दोन्ही बाजूंना आणि कडांना अल्कली सोसणारा प्रायमर मारायचा. पहिल्या ओळीचे बोर्ड फक्त दिसणाऱ्या बाजूने मारले होते. ते उतरवून पाठीलाही मारले. एकच बाजू ओल प्यायली की बोर्ड वाकतो. उतरवायला वेळ लागला नाही, तेवढं एक बरं झालं. सुटे बोर्ड ठेवण्याचा पहिला फायदा मलाच.

१७ मे

सांध्यांत चार मिलिमीटर फट ठेवली होती. ती झाकायला बाबांनी माळ्यावरून जुने सागवानी वासे काढून दिले, कौलांच्या वेळचे. करवतून दीड इंची पट्ट्या काढल्या, रंधा मारला, तेल. पितळी स्क्रूने सेक्शनला. एखादा बोर्ड काढायचा तर चारी बाजूंच्या पट्ट्या सोडायच्या, मग बोर्डाचे स्क्रू.

वाशांत जुने खिळे मोडून राहिलेले असतात. करवतीचं पातं वाचवायचं तर आधी लोहचुंबक फिरवा. मी फिरवला, तरी एक सापडला नाही, आणि ४५० रुपयांचं पातं गेलं. (खालच्या हिशेबात ते धरलेलं नाही. सागाच्या पट्ट्या विकत घेतल्या असत्या तर कितीला पडल्या असत्या!)

बोर्डांना पांढरा पाण्याचा रंग, दोन हात.

२४ मे

मोजमाप, दुपारी दीड. बाहेर सावलीत ३४. एक बोर्ड आणि पाटी काढून, फॉइलचा सांधा उचलून पत्र्याचं पोट बघितलं : ६१. बोर्डाची खालची बाजू ३६. टेबलापाशी हवा ३५, शटर अर्धं उघडं. पंखा लावून दुपारभर काम केलं, मे महिन्यात.

हिशेब लिहिते, कारण मला सुरुवातीला कोणीच खरा आकडा सांगितला नाही. नवी फॉइल, टेप, तारा ४,२००. रॉकवूल ५,८००. बोर्ड ८,१००. जीआय सेक्शन, नंतरच्या जादासकट, ७,४००. स्क्रू, प्रायमर, रंग, जाळी, पन्हळ ३,९००. टेम्पो १,८००. मजुरी १७,०००. वायरिंग ९,५००, पत्र्याची दुरुस्ती ६,८००, आणि ती चिकटवलेली फॉइल ३,६००. बेरीज ६८,१०० रुपये. १८० चौरस फुटांना साधारण ३८० रुपये फूट. गळती आणि वायरिंग आधीच ठीक असेल तर पन्नास हजारांच्या आसपास भागावं.

१४ जून

पाऊस आला. पहिल्या मोठ्या सरीत आत उभी राहून बाबांना फोन केला, ते बंगल्यात. पूर्वी पत्र्याखाली ओरडून बोलावं लागायचं. आज त्यांना पाऊस पडतोय हे माझ्या फोनवरून कळलं नाही. आवाज संपलेला नाही, पण घुमत नाही.

बाहेरचं पन्हळीचं तोंड कोरडं.

५ जुलै

रात्रभर वारं. सकाळी तोंडातून थेंब थेंब. आत छतावर एकही डाग नाही.

पत्र्यावर नारळाची झावळी आडवी पडलेली. तिसऱ्या ओळीतला कंपाउंडकडचा बोर्ड उतरवला, बाबा खालून टॉर्च धरून. फॉइलचा सांधा उचलल्यावर पाण्याची वाट स्पष्ट दिसली : झावळीच्या देठाने पत्र्याला पोचा पडला होता, त्यामुळे बाजूचा सांधा उघडला आणि एक शिवण-स्क्रू वाकडा झाला. पाऊस थांबल्यावर पोचा आतून लाकडी ठोकळ्याने उचलला, नवीन ब्युटाइल टेप, पोच्याच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू. जेवायच्या आत बोर्ड परत जागेवर. रॉकवूलची पाटी हाताला कोरडी लागली.

बाबा म्हणाले, "ते झाड छाटायला माणूस बोलाव आधी."

१२ जुलै

नारळ छाटून झाला. पन्हळ आठवडाभर कोरडी आहे.

शटरचं अजून काही केलेलं नाही. तोंड पश्चिमेला, दुपारी चारनंतर त्याच्याजवळ उभं राहवत नाही, आणि छत झाल्यापासून ती झळ जास्तच जाणवते. शटरला आतून काही चिकटवता येत नाही, गुंडाळलं जात नाही मग. ऑक्टोबरच्या उन्हाआधी बाहेरच्या बाजूला, शटरपासून फूटभर पुढे, बांबूची चटई सोडून बघणार आहे. आकडे मिळाले की इथेच लिहीन.